डाव्या हातांचा तास

टोफूवाल्या नेझूंची कोतोहा परदेशी गेली ती इंग्रजी शिकायला, असं तिच्या बापाला अजून वाटतं. विद्यापीठालाही तसंच वाटलं, म्हणून त्यांनी विद्यार्थी-अदलाबदलीच्या एका जागेवर तिला वर्षभरासाठी आयर्लंडला धाडलं आणि तिकडचा एक उंच पोरगा इकडे घेतला. ती खरी कशासाठी गेली हे इसोझाकी गावात दोघांनाच ठाऊक होतं. एक ती, दुसरा मी. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही असं गाव म्हणतं. ही आठ वर्षं राहिली. तेवढं श्रेय मला आता द्यायला हरकत नाही.

ती सूड घेण्याच्या तयारीला गेली होती.

मी आमच्या माध्यमिक शाळेचा शिपाई. दिवे बदलायचे, बर्फ ओढायचं, पाहुणे आले की वर्गाच्या मागच्या भिंतीला खुर्च्या मांडायच्या. खुर्च्या मांडणारा माणूस सगळं बघतो आणि त्याला कुणी बघत नाही.

इंग्रजीचे कुरेबायाशी सर. त्यांचा तास बघायला जिल्ह्यातून माणसं यायची. सरांनी प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गाचे हात वर! एक पोर मागे नाही. आणि सर ज्याला उठवतील त्याचं उत्तर बरोबर. पाहुणे माना डोलवत, वहीत लिहून घेत, आणि जिल्ह्याच्या अहवालात दरवर्षी ‘इसोझाकीच्या मुलांचा उत्साह’ छापून येई. त्या उत्साहाची किल्ली शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होती. ज्याला येतं त्यानं उजवा हात वर करायचा. ज्याला येत नाही त्यानं डावा. पण हात वर हवाच.

सरांचं कधी चुकलं नव्हतं. वर्गाकडे तोंड करून उभं राहिलं की पोरांची उजवी बाजू आपल्या डाव्या अंगाला येते, हा हिशेब त्यांच्या रक्तात मुरला होता. पण त्या वर्षी शिक्षण मंडळाकडून मोमोसे बाई पहिल्यांदाच आल्या. कडक, करड्या सुटातल्या, हसू न येणाऱ्या. त्यांना बघून सर गडबडले आणि फळ्याकडून वळताना डावं-उजवं झालं.

“नेझू!” सर म्हणाले.

कोतोहा तेव्हा चौदा वर्षांची. डावा हात वर करून निवांत बसली होती, कारण डाव्या हाताला कधीच कुणी उठवत नसे. ती उभी राहिली. उत्तर येत नव्हतं. येत नव्हतं म्हणून तर डावा! मोमोसे बाईंनी शेजारच्या माणसाला विचारलं, “हात वर होता ना हिचा?”

आता ‘बस, विचार कर’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण सरांना घाम फुटला होता. ते मोठ्यानं हसले आणि पाहुण्यांना म्हणाले, “या मुलीला हात वर करायची फार हौस. डोक्यात काही असो-नसो, हात आधी वर!”

पाहुणे हसले. वर्ग हसला. ज्यांचे डावे हात वर होते ती पोरं सगळ्यात जास्त हसली.

एवढ्यावर मीही सरांना माफ केलं असतं. पण शाळा सुटल्यावर सरांनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावून माफीपत्र लिहायला सांगितलं. आमच्या शाळांत मुलानं चूक केली की त्यानं आपली चूक स्वतः शोधून, स्वतः कबूल करून लिहून द्यायची असते. कोतोहानं कबूल करायचं होतं की ‘उत्तर येत नसताना मी हात वर केला आणि शाळेचा वेळ वाया घालवला.’ दोन पानं.

घरी बापासमोर लिहायची लाज वाटली म्हणून ती माझ्या बॉयलरच्या खोलीत येऊन बसली. एका बादलीवर ती, एका बादलीवर कागद. लिहून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “उसुई आजोबा, शिक्षक व्हायचं असेल तर शिकवायचा सराव आपल्याच जुन्या शाळेत करायला यावं लागतं ना?”

“हो. तीन आठवडे.”

“आणि ज्यांचा विषय, ते सर मागे खुर्चीवर बसतात?”

“बसतात की.”

“बरं,” ती म्हणाली. तिनं नाक पुसलं, आणि ही शिक्षक कशासाठी होणार ते मला तिथेच कळलं.

पुढे गावातल्या पोरी केस कापायला, नर्स व्हायला, बँकेत लागल्या. हिनं शिक्षणशास्त्र घेतलं. विषय इंग्रजी. बापानं विचारलं, “तुला तर इंग्रजीचा तिटकारा होता ना गं?” ती म्हणाली, “अजून आहे.”

आयर्लंडहून ती रोज सकाळी, म्हणजे तिच्या आदल्या रात्री, बापाला फोन लावायची. मी त्या वेळी टोफू घ्यायला हजर. नेझू सोयाबीनच्या वाफेत गेला की फोन माझ्या हातात.

“काय खबर, आजोबा?”

“सर मधे पाच वर्षं बदलीवर होते, ते परत आलेत. सरावाला येणाऱ्या पोरांची जबाबदारी त्यांच्याकडेच आहे. केस गेले. चष्मा जाड झाला.”

“आवाज?”

“तोच.”

“छान. मरू नका म्हणावं इतक्यात.”

तिकडे ती मिसेस कीव्हनी नावाच्या एका विधवा बाईंकडे राहत होती. त्या स्वयंपाकघरात पोरीनं केळीच्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला लावून फळा केला होता. मिसेस कीव्हनी खुर्ची उलटी फिरवून कुरेबायाशी सर व्हायच्या. फोनच्या पडद्यावर मी ते पाहिलंय. तोंड वाकडं करून, ओठ मुडपून, बाई अगदी सर दिसायच्या. आयुष्यात सरांना न बघता!

“हा माणूस इतका वाईट होता का गं?” त्या विचारायच्या.

“तुम्ही फक्त बसा आणि चुका काढा.”

“कुणाला ठार करायचा बेत नाही ना?”

“नाही. शिकवायचाय.”

“मग ठीक. चहा घे.”

तिचा बेत असा होता. शेवटच्या दिवशी सगळे शिक्षक, विद्यापीठाचे प्राध्यापक, मंडळाचे पाहुणे यांच्यासमोर सराव करणाऱ्यानं एक तास घ्यायचा असतो. त्या तासाला ती मुलांना सांगणार होती, आता मागे बसलेल्या सरांना इंग्रजीत प्रश्न विचारा. पटापट, खऱ्याखुऱ्या बोलण्यातले. सर पुस्तकातलं इंग्रजी शिकवत, बोलता त्यांना दोन वाक्यांपुढे येत नसे. ते उभे राहतील आणि गप्प राहतील, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती आठवड्यातून एकदा तिकडच्या शाळेत जाऊन मुलांचे प्रश्न वहीत उतरवून घ्यायची.

तिथे तिनं एक विचित्र प्रकार पाहिला. तो सांगताना तिचा आवाज चढला. “आजोबा, इथली पोरं तोंडावर सांगतात, ‘बाई, मला ओ की ठो कळलं नाही!’ आणि बाई म्हणतात, ‘बरं झालं सांगितलंस.’ कुणी हसत नाही!”

“खोटं बोलतेस.”

“शपथ!”

एप्रिलमध्ये शाळेचं पत्र गेलं. मीच ते पेटीत टाकलं होतं. त्यात लिहिलं होतं की सरावापूर्वीची भेट प्रत्यक्षच घेण्याचा शाळेचा रिवाज आहे. आपण दूर आहात, परीक्षा जवळ आहेत, तेव्हा येणं अवघड असेल याची आम्हांला पूर्ण कल्पना आहे, आणि आपण पुढच्या वर्षीचा विचार केल्यास शाळा मुळीच वाईट वाटून घेणार नाही. आमच्याकडे नकार असा मऊ रुमालात बांधून देतात. सरांचा तिच्यावर काही राग नव्हता. सरावाला पोर आलं की कामं वाढतात, इतकंच.

ती आली. दोन विमानं, एक रात्रीची बस, मग आमची एक डब्याची गाडी. काळा सूट, काळे बूट, हातात मिठाईचा डबा, डोळ्यांखाली काळं. मी शाळेत घालायच्या चपला पुढे केल्या तेव्हा तिचे पाय सुजलेले दिसले.

भेट पंधरा मिनिटं चालली. चहा नेला मीच, आणि ट्रे हळूहळू पुसत उभा राहिलो.

“नेझू... नेझू,” सर तिचा कागद बघत म्हणाले. “टोफूवाल्यांची! हो हो. गुणी मुलगी होतीस तू.”

कोतोहाच्या हातातला कप थांबला. “आठवते मी, सर?”

“म्हणजे काय! पहिल्या बाकावर बसायचीस.”

ती कधीच पहिल्या बाकावर नव्हती. सर प्रेमानं हसले आणि तारखा लिहून दिल्या.

फाटकापर्यंत मी सोडायला गेलो. मला वाटलं आता हिचा राग निवळणार. इतक्या लांबून येऊन बघावं तर समोरच्याला आठवतसुद्धा नाही, मग भांडायचं कुणाशी?

“विसरले,” ती म्हणाली.

“वय झालं गं.”

“मी दोन पानं लिहिली आणि ते विसरले!” तिनं काळा बूट फाटकावर असा हाणला की टाच निघाली. त्याच निघालेल्या टाचेनं ती परत विमानात बसली.

जूनमध्ये तीन आठवडे सुरू झाले. आणि माझी पंचाईत अशी की कुरेबायाशी सर तिच्याशी चांगले वागू लागले. खडू कसा धरायचा, आवाज कुठे टाकायचा, झोपाळू पोराच्या बाकाजवळून कसं जायचं, सगळं शिकवलं. रोज तिच्या नोंदवहीत तीन ओळी लिहून खाली शिक्का मारायचे. शेवटच्या पानावरच्या शिक्क्याशिवाय शिक्षकाचा परवाना नाही, म्हणून ती रोज कमरेत वाकून वही पुढे करायची.

“काय मग,” मी एकदा झाडू मारता मारता विचारलं, “विरघळलीस की काय?”

“आजोबा, ते चांगले शिक्षक आहेत,” ती दात आवळून म्हणाली. “त्यामुळे मला जास्तच राग येतो.”

शेवटच्या तासाच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, सरांनी तिला बाजूला घेतलं. मी खिडकी पुसत होतो. ती खिडकी त्या महिन्यात मी नऊ वेळा पुसली.

“नेझू बाई,” सर खालच्या आवाजात म्हणाले, “उद्या मंडळाच्या मोमोसे बाई येतायत. घाबरू नकोस. तुला एक माझी गोष्ट देतो, आजवर कुठल्या सराववाल्याला दिली नाही. मुलांना आधीच माहीत आहे. येतं तो उजवा, येत नाही तो डावा. तू फक्त उजवे हात बघ. कुणी पडणार नाही.” आणि मग पुढे जे म्हणाले त्यानं माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. “फक्त डावं-उजवं चुकू देऊ नकोस. माझं एकदा चुकलं होतं. एक पोरगी उगाच तोंडघशी पडली. कोण होती कोण जाणे.”

कोतोहा वाकली. “आभारी आहे, सर. नीट लक्षात ठेवीन.”

संध्याकाळी ती बॉयलरच्या खोलीत आली आणि आयर्लंडच्या प्रश्नांची अख्खी वही तिनं माझ्या रद्दीत टाकली.

“हे काय? बेत रद्द?”

“याची गरज नाही आता,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आठ खुर्च्या मांडल्या. मुख्याध्यापक, चार शिक्षक, विद्यापीठाचे प्राध्यापक, मोमोसे बाई, आणि कडेला कुरेबायाशी सर, हात मांडीवर ठेवून, लेकीच्या लग्नात बसल्यासारखे. मी दाराशी जादा खुर्ची धरून उभा राहिलो. ती कुणाला लागणार नव्हती.

वीस मिनिटं तास असा सुरेख झाला की प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. पोरगी बोलत होती ते इंग्रजी झऱ्यासारखं. मग तिनं फळ्यावर एक अवघड प्रश्न लिहिला आणि वळली.

अठ्ठावीस हात वर. मोमोसे बाईंच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा अहवालातला आनंद उमटला.

“उजवे हात खाली,” कोतोहा म्हणाली.

मुलं गोंधळली. सतरा हात खाली आले. अकरा तसेच राहिले, डावे, हवेत लोंबकळत. सरांची पाठ ताठ झालेली मला दारातूनही कळली.

ती खिडकीजवळच्या माकी नावाच्या मुलीपाशी गेली. बारीकशी पोर, दोन वेण्या. पोरगी पांढरी पडली होती.

“माकी, हात का वर केलास?”

माकीनं सरांकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं. मागच्या उरलेल्या सातही खुर्च्यांनी तिची नजर पकडून सरांकडे मान वळवली.

“सांग. बरोबर किंवा चूक असं काही नाही.”

“येत नाही म्हणून,” माकी पुटपुटली.

“येत नाही म्हणून हात वर?”

“डावा आहे ना, बाई. डावा म्हणजे येत नाही. पाहुणे आले की तसंच करायचं असतं.” आणि बिचारीनं मदत म्हणून पुढे जोडलं, “दरवर्षीच.”

मोमोसे बाईंनी हळूच आपली वही मिटली.

“शाब्बास, खरं सांगितलंस,” कोतोहा म्हणाली. मग मागे वळून, अत्यंत अदबीनं, इंग्रजीत, तिनं कुरेबायाशी सरांना विनंती केली की ही पद्धत त्यांनी पाहुण्यांना समजावून सांगावी. तासाला इंग्रजीतच बोलायचं हा सरांचाच नियम.

सर उठले. तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. कोतोहा मदतीला धावली नाही. नुसती बघत राहिली, ओठांवर छोटं सभ्य हसू ठेवून. मी तिला बापाच्या दुकानात टोफू कापताना पाहिलंय. तेव्हा तिचा चेहरा असाच असतो. घड्याळाचा सेकंदकाटा दीड वेळा फिरला. शेवटी मुख्याध्यापकच म्हणाले, “बसा, कुरेबायाशी सर.”

खरं सांगायचं तर मला मजा आली. एक सोडून. घंटा झाल्यावर माकी चपलांच्या कपाटाआड रडत उभी होती. तिला वाटलं आपण सरांची चुगली केली. कोतोहानं ते पाहिलं आणि तिचा चेहरा क्षणभर उतरला. ती खाली बसून पोरीला म्हणाली, “तुला कुणी काही लिहून द्यायला सांगितलं तर आधी माझ्याकडे यायचं. कळलं?” माकी आणखीच रडली.

मग चर्चेची बैठक. सगळे चहाच्या कपात बघत होते. मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. “कुरेबायाशी सर, तासाबद्दल आपलं मत?”

“मुलांनी... प्रामाणिक उत्तरं दिली,” सर म्हणाले.

“सर,” कोतोहा वही पुढे सरकवत म्हणाली, “शेवटच्या पानावर आपलं मत लेखी लागतं. या तासात माझ्याकडून आणि आपल्याकडून काय चुकलं, हे सविस्तर मिळालं तर फार शिकायला मिळेल. दोन पानं.”

भोळे प्राध्यापक खूश झाले. “वा! विद्यापीठालाही वाचायला आवडेल.”

सर नापास लिहू शकत नव्हते. लिहिलं असतं तर मोमोसे बाईंसमोर तो उघड राग दिसला असता. खोटं कौतुक लिहावं तर वाचणारे सगळे तासाला हजर होते. उरलं खरं. पाच वाजेपर्यंत ते रिकाम्या खोलीत लिहीत बसले. मी कचऱ्याची टोपली बदलायला गेलो, तिसऱ्यांदा. सरांनी मान वर केली.

“उसुई, या मुलीकडून मी कधी काही लिहून घेतलं होतं का?”

“हो, सर. दोन पानं.”

“कशाबद्दल?”

“हात वर केल्याबद्दल.”

सरांनी पेन परत उचललं. मग पुढचं वाक्य लिहिलं, शिक्का काढला, फुंकर मारून नीट दाबला. कोतोहानं वही दोन्ही हातांनी घेतली, दारात उभ्या उभ्या वाचली आणि पिशवीत टाकली. काय लिहिलं होतं ते मला आजवर सांगितलेलं नाही. मी किती प्रकारांनी विचारलं असेल!

सूड झाला. परवाना मिळाला. शिक्षकभरतीच्या परीक्षेत ती जिल्ह्यात तिसरी आली. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण मोमोसे बाईंचं दुखणं राहिलं होतं. सरांच्या वर्गाच्या ज्या उत्साहाचं कौतुक त्यांनी स्वतःच्या सहीनं छापलं, तो डावा निघाला होता. याचा बभ्रा व्हायला नको होता. म्हणून मार्चच्या शेवटी पेपरात बदल्यांची यादी आली तेव्हा कुरेबायाशी सरांना बढती मिळालेली दिसली. ओकिनोशे बेटावरच्या शाळेत उपमुख्याध्यापक! मुलं नऊ, बोट आठवड्यातून दोनदा. नेझू तो पेपर टोफू गुंडाळायला घेणार तेवढ्यात मी खालची ओळ वाचली. नवीन नेमणूक, इंग्रजी, ओकिनोशे, नेझू कोतोहा. बोलकी तोंडं बाईंनी एकाच बोटीत भरून पाठवली होती.

धक्क्यावर मी पोचवायला गेलो. दोघं दोन टोकांना उभी, मधे टोफूची बादली घेऊन नेझू.

“काय पोरी,” मी तिच्या कानात म्हटलं, “निवलं का पोट?”

“नाही,” ती म्हणाली.

मे महिन्यात तिचा फोन आला. नव्या शिक्षिकेच्या तासाला पहिलं वर्षभर वरिष्ठानं बसायचंच असतं. तिथे इंग्रजीचे वरिष्ठ एकच, कुरेबायाशी सर.

“रोज येतात मागे बसायला,” ती म्हणाली. “रोज तीन ओळी लिहून देतात.”

“काय लिहितात?”

“चुका काढतात. काल लिहिलं, भरभर बोलता, खिडकीजवळचं मूल मागे पडतं. परवा लिहिलं, उत्तर येणाऱ्या मुलाकडेच तुमची नजर जाते.”

“मुद्दाम खोडी काढतात म्हातारे! खोट्याच असणार.”

पलीकडे लाटांच्या आवाजात वहीची पानं उलटल्याचं ऐकू आलं.

“खऱ्या आहेत, आजोबा,” ती म्हणाली. “सगळ्या खऱ्या आहेत. म्हणूनच तर मला त्यांचा जीव घ्यावासा वाटतो.”